मानवाधिकार कोर्टाचा रजिस्ट्रार : मोठा बाबू, की पडद्यामागचा मालक?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे एका जिल्हा न्यायालयात सहायक अधीक्षक आहेत आणि नोकरी सांभाळून एलएलएम करतायत. स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवाधिकार कोर्टाचे निकाल वाचताना त्यांना दिसलं की निकालाखाली न्यायाधीशाच्या सहीबरोबर रजिस्ट्रारचीही सही असते. तर हा माणूस आपल्याकडच्या प्रबंधकासारखा मोठा बाबू समजायचा की खरी सूत्रं त्याच्याच हातात असतात, आणि कोर्टाच्या प्रशासनात मुरलेल्या माणसाला तिथपर्यंत जायला रस्ता आहे का, असं त्यांनी विचारलंय.

मी त्या कोर्टाच्या रजिस्ट्रीत, म्हणजे रजिस्ट्रारच्या हाताखालच्या कार्यालयात, बरीच वर्षं काढलीत, आधी फाइली हाताळणारा लॉयर म्हणून आणि नंतर काम वाटणाऱ्यांच्या बाजूला बसून. जन्म सांगलीचा पण पासपोर्ट ब्रिटिश, हे आत्ताच सांगतो कारण शेवटच्या भागाशी त्याचा थेट संबंध आहे. जे लिहितोय ते माझं मत आहे, कोर्टाचं नाही.

बाबू की मालक, असं विचारलंत तर उत्तर नीट सापडणार नाही. कोर्टात निकाल देणं हे एक काम आणि कुठली फाइल कधी, कोणासमोर, कुठल्या अवस्थेत पोचणार हे दुसरं. पहिलं सगळ्यांना दिसतं. दुसरं दिसत नाही पण ज्याची केस आहे त्याच्यासाठी पुष्कळदा तेच निर्णायक ठरतं, हे जिल्हा न्यायालयात बसून तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. म्हणजे खरा प्रश्न हा की निकालाला हात न लावता रांग चालवणाऱ्या माणसावर लगाम कोणाचा.

आधी नियम काय म्हणतो ते बघू. रजिस्ट्रारला सगळे न्यायाधीश मिळून, म्हणजे प्लेनरी कोर्ट, गुप्त मतदानाने निवडतात. मुदत ५ वर्षं, पुन्हा निवडून येता येतं. पात्रतेत कायद्याचं ज्ञान, व्यवस्थापनाचा अनुभव आणि भाषा अशा तिन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत, नुसता हुशार वकील असून भागत नाही. काढायचं झालं तर पदावरच्या निवडून आलेल्या न्यायाधीशांपैकी दोन-तृतीयांश लागतात. म्हणजे कुठल्या सरकारला आवडला नाही म्हणून उचलून बदली, असं होऊ शकत नाही. मुंबई हायकोर्टाचे रजिस्ट्रार जनरल न्यायिक सेवेतून येतात, मुख्य न्यायमूर्ती नेमतात, आणि नंतर ते परत न्यायाधीशाच्या खुर्चीत जातात. आपल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचं उदाहरण याच्या अगदी उलट टोकाला आहे. तिथला सेक्रेटरी जनरल भारत सरकारच्या सचिव दर्जाचा अधिकारी असतो आणि १९९३ च्या कायद्यानुसार तो केंद्र सरकार आयोगाला देतं. ज्याच्याविरुद्ध तक्रारी यायच्या त्यानेच प्रशासनप्रमुख पुरवायचा, हे मला कधी पटलेलं नाही, माणूस कितीही सज्जन असला तरी.

आता गंमत बघा. स्ट्रासबर्गचे न्यायाधीश ९ वर्षांसाठी येतात आणि पुन्हा उभं राहता येत नाही, रजिस्ट्रार मात्र पुन्हा निवडून येऊ शकतो. जुन्या व्यवस्थेत मार्क-आंद्रे आइसेन १९६८ पासून १९९४ पर्यंत या पदावर होते, म्हणजे न्यायाधीशांच्या किती पिढ्या त्यांच्यासमोरून गेल्या असतील. अलीकडे एवढं लांब कोणी राहत नाही. एरिक फ्रीबर्ग २००५ ते २०१५, मग रॉडरिक लिडेल, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये मारियालेना त्सिर्ली, या पदावरच्या पहिल्या महिला आणि रजिस्ट्रीतूनच वर आलेल्या. पण आठवण संस्थेची असते ती याच खुर्चीजवळ. नवा न्यायाधीश आला की पहिले काही महिने तो विचारत असतो हे असं का करतात, आणि उत्तर द्यायला रजिस्ट्रीचा माणूस असतो. हे जितकं सोयीचं तितकंच धोक्याचं आहे, कारण 'आमच्याकडे असंच चालतं' हे वाक्य रजिस्ट्रीच्या तोंडी फार सहज येतं.

लगामाचं म्हणाल तर ते एकापेक्षा जास्त आहेत आणि वेगवेगळ्या हातात आहेत. रजिस्ट्रार काम करतो कोर्टाच्या अध्यक्षांच्या अधिकाराखाली, रजिस्ट्रीसाठीच्या सर्वसाधारण सूचना तो लिहितो पण मंजूर अध्यक्ष करतात. त्याच्या हाताखालची माणसं, साधारण साडेसहाशे, ही कागदोपत्री कौन्सिल ऑफ युरोपची, म्हणजे हे कोर्ट ज्या देशांच्या संघटनेचं आहे तिची, कर्मचारी. नेमणूक तिथले सेक्रेटरी जनरल करतात, अध्यक्षांच्या किंवा त्यांच्या सूचनेवरून रजिस्ट्रारच्या संमतीने. आणि पैसा? कोर्टाचं स्वतंत्र बजेट नाही. खर्च कौन्सिल ऑफ युरोप उचलतं, त्या बजेटवर ४६ सरकारं बसलेली असतात, आणि ही सगळीच्या सगळी त्या कोर्टात प्रतिवादीही आहेत. २०१७ मध्ये रशियाने कौन्सिलच्या संसदीय सभेतल्या भांडणावरून वर्गणी थांबवली ती २०१९ पर्यंत, आणि रशिया मोठ्या वर्गणीदारांपैकी होता. मग २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाला बाहेरच काढलं, १६ मार्चला कौन्सिलमधून, आणि १६ सप्टेंबरला तो, कोर्ट ज्यावर उभं आहे त्या युरोपियन मानवाधिकार करारातूनही बाहेर पडला. त्या दिवशी रशियाविरुद्ध १७ हजारांहून जास्त अर्ज पडून होते. अर्ज तसेच राहिले, कारण त्या तारखेपर्यंतच्या घटनांवर कोर्टाचा अधिकार कायम होता. रशियन सरकार पत्राला उत्तर देईना, रशियन न्यायाधीशाचं पद संपलं, वर्गणी गेली. रशियन कायदा आणि भाषा येणारी माणसं टिकवायची, काम थांबवायचं नाही, आणि उत्तर न देणाऱ्या सरकारला नोटीस पोचली असं कधी धरायचं हेही ठरवायचं. बाहेरून बघणाऱ्याला हे वरिष्ठ प्रशासन वाटणार नाही, पण हेच ते.

आता रांगेकडे येतो, कारण माझ्या मते सगळं तिथेच आहे.

२०११ च्या शेवटी या कोर्टात १,५१,६०० अर्ज पडून होते. त्यातले बहुसंख्य उघडउघड न टिकणारे, म्हणजे देशातली कोर्टंच संपवलेली नाहीत, किंवा मुदत गेलेली, किंवा हे चौथं अपील समजून आलेले. पण न टिकणाऱ्या अर्जालाही कोणीतरी वाचावं लागतं ना. त्या करारात बदल करणारा १४ वा प्रोटोकॉल १ जून २०१० ला लागू झाला तेव्हा असा अर्ज एकट्या न्यायाधीशाला फेटाळता यायला लागला, आधी त्यासाठी तिघांची समिती बसायची. न्यायाधीशाला मदत करायला रजिस्ट्रीतलेच अनुभवी लोक नॉन-ज्युडिशियल रॅपोर्टर म्हणून, म्हणजे न्यायाधीश नसून फाइल वाचून मांडणारे म्हणून, नेमले. २०११ मध्ये रशिया, तुर्की, रुमानिया, युक्रेन आणि पोलंड या पाच देशांच्या फाइलींसाठी वेगळा फिल्टरिंग सेक्शन काढला. २०१५ च्या शेवटी आकडा ६४,८५० वर आला. नवा कायदा, नवे न्यायाधीश यांपेक्षा हे कामाची मांडणी बदलल्यामुळे झालं असं मी म्हणेन, प्रोटोकॉलने दार उघडलं पण आत माणसं नीट उभी केली ती रजिस्ट्रीने.

याची किंमत मात्र अर्जदाराने दिली. फेटाळलेल्या माणसाला एक छोटं पत्र जायचं, तुमचा अर्ज बसत नाही, एवढंच, कारण जवळपास नाहीच. कोणी वर्षानुवर्षं लढून युरोपच्या सर्वोच्च दारात आलाय आणि त्याला चार ओळी. यावर खूप टीका झाली आणि ती रास्त होती. २०१७ पासून न्यायाधीशाच्या सहीचा निर्णय जायला लागला आणि त्यात कारणही. मला विचाराल तर डोंगर उपसायचा होता तोवर ते छोटं पत्र समजू शकतो, पण डोंगर बराच उतरल्यावरही ते चालू राहिलं कारण सोयीचं होतं. प्रशासनाने तात्पुरतं म्हणून काढलेला मार्ग कधी बंद करायचा याची तारीख आधीच लिहून ठेवावी, नाहीतर तो कायमचा होतो.

दुसरं उदाहरण तुम्हाला लगेच कळेल कारण ते ऑफिस ऑब्जेक्शनचं, म्हणजे अर्जातल्या त्रुटींवर कार्यालयाने घेतलेल्या हरकतीचं आहे. १ जानेवारी २०१४ पासून नियम ४७ कडक केला. ठरलेला फॉर्म, सगळे रकाने, सगळ्या प्रती, सही, आणि तोही पोस्टाने. काही राहिलं तर अर्ज आलाच नाही असं धरतात. आपल्याकडे ऑब्जेक्शन लागलं तर वकील येऊन काढतो, नंबर पडायला उशीर होतो पण मॅटर जिवंत राहतं. तिथे अपुऱ्या फॉर्मने मुदतीचं घड्याळ थांबत नाही, आणि ही मुदत आधी ६ महिने होती ती २०२२ च्या फेब्रुवारीपासून ४ महिने झाली. परत पाठवलेला फॉर्म भरून पाठवेपर्यंत मुदत गेली तर संपलं. नियमात सवलतीची जागा आहे, पुरेसं कारण दिलं तर चालतं, पण ती सवलत तुरुंगातल्या, वकील नसलेल्या माणसाला माहीत असते का? इथे कागदावर निर्णय प्रशासकीय आहे आणि परिणाम फेटाळण्यासारखाच. म्हणून मी नव्या लोकांना सांगायचो की रकाना रिकामा आहे म्हणून फॉर्म परत करण्याआधी एकदा वाचा की माणूस नक्की सांगतोय काय, आणि जीवाचा प्रश्न दिसला तर वरिष्ठाकडे न्या. हे सांगायला सोपं आहे, दिवसाला पोतंभर टपाल येत असताना करणं अवघड.

तिसरी गोष्ट अग्रक्रम. २००९ पर्यंत फाइली साधारण आल्या त्या क्रमाने चालायच्या. त्या वर्षी कोर्टाने धोरण बदललं आणि सात वर्ग केले, जीवाला किंवा तब्येतीला धोका असेल तर सगळ्यात वर, उघड न टिकणारे सगळ्यात खाली. २०२१ मध्ये त्यात अजून एक भर, ज्या केसचा परिणाम मोठा आहे पण जी वरच्या वर्गात बसत नाही ती वेगळी काढून लवकर चालवायची. धोरण न्यायाधीशांनी ठरवलं, पण प्रत्येक फाइलवर शिक्का मारतो कोण? सुरुवातीला रजिस्ट्रीचा लॉयर, कधीकधी नोकरीत नवा असलेला. चुकीचा शिक्का बसला तर कोणाचं अपील नाही, कोणाला कळतही नाही, ती फाइल नुसती वर्षानुवर्षं खाली पडून राहते. माझ्या बाजूने मी दोन गोष्टींचा आग्रह धरायचो. शिक्क्याबरोबर एक ओळ कारण लिहायचं, आणि खालच्या वर्गातल्या फाइली अधूनमधून दुसऱ्याच टीमच्या माणसाने उघडून बघायच्या. दुसऱ्याच टीमच्या, कारण आपल्याच हाताचं आपल्याला बरोबर वाटतं.

सूत्रं त्याच्याच हातात का, हे तुम्ही बहुतेक मसुद्यांच्या संदर्भात विचारलंय. होय, मसुदे रजिस्ट्रीचे लॉयर तयार करतात, आणि यावर युरोपातसुद्धा कुजबुज असते की निकाल रजिस्ट्री लिहिते. नियम काय आहे ते सांगतो. विचारविनिमय बंद दाराआड, मत फक्त न्यायाधीशांचं, रजिस्ट्रार किंवा त्याचा माणूस खोलीत असतो पण मत देत नाही. प्रत्येक महत्त्वाच्या केसला एक रॅपोर्टर न्यायाधीश, म्हणजे ती केस बाकीच्यांसमोर मांडणारा, असतो आणि मसुदा त्याच्या सांगण्यावरून होतो. तरीही खरं बोलायचं तर अझरबैजानच्या तुरुंगाचे नियम पोर्तुगालहून आलेल्या न्यायाधीशाला कळणार कसे, तो लॉयरने काढलेल्या सारांशावरच अवलंबून असणार. त्या देशाचा न्यायाधीश असतो बाकावर, पण एकट्या न्यायाधीशाच्या पद्धतीत आपल्याच देशाची केस बघायला मनाई आहे. मग सारांशात काय आलं आणि काय गळलं याला वजन येतंच. यावर उपाय मसुदे काढून घेणं हा नाही, ते शक्यही नाही. उपाय दोन. एक म्हणजे मसुद्यात उलट बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा दिसलाच पाहिजे, न्यायाधीशाला वाटलं तर त्या दिशेने जाता यावं इतका. दुसरं म्हणजे एखाद्या देशाची टीम त्या देशाची भक्त किंवा वैरी होऊ न देणं. दोन्ही होतं, मी पाहिलंय, आणि त्याची सुरुवात जेवणाच्या टेबलावरच्या विनोदांपासून होते. माणसं फिरवत राहायला लागतात, आणि तेव्हा सगळेच नाराज होतात कारण भाषा येणारी माणसं मुळात मोजकी.

याला धरूनच नियम ३९, म्हणजे तातडीचा अंतरिम आदेश. एखाद्याला उद्या विमानात बसवून पाठवणार आहेत आणि तिथे जीवाला धोका आहे, असा अर्ज संध्याकाळी येतो. १४ जून २०२२ ला ब्रिटनचं रवांडाला जाणारं विमान अडलं त्याची सुरुवात स्ट्रासबर्गच्या अशाच एका आदेशाने झाली, आणि ब्रिटनमध्ये ओरड झाली की हा कोण बिनचेहऱ्याचा न्यायाधीश. त्यात एक मुद्दा खरा होता, नाव जाहीर होत नव्हतं. २०२४ मध्ये नियम बदलले आणि आता आदेश देणाऱ्या न्यायाधीशाचं नाव कळवतात. बिनचेहऱ्याचा निर्णय हा न्यायाधीशापेक्षा रजिस्ट्रीला जास्त महाग पडतो, कारण नाव नसेल तर लोक समजतात कोणीतरी कारकुनानेच केलं असणार.

इथवरचं दोन ओळीत सांगायचं तर बाबू म्हणाल तर बाबूच्या हातात एवढी रांग नसते, आणि मालक म्हणाल तर मालकाला पैशासाठी, माणसांसाठी आणि सहीसाठी वेगवेगळ्या तिघांकडे जावं लागत नाही.

सगळीकडे असंच असतं असं नाही, हे परिस्थितीवर फार अवलंबून आहे. कोस्टा रिकातल्या सान होझेला इंटर-अमेरिकन मानवाधिकार कोर्ट आहे, तिथे ७ न्यायाधीश आणि ते कायम तिथे बसत नाहीत, सत्रांना येतात. तिथे रजिस्ट्रारच्या जागी सेक्रेटरी असतो, आणि पाब्लो साव्हेद्रा आलेसांद्री २००४ मध्ये त्या पदावर आले ते बरीच वर्षं राहिले. टांझानियातल्या अरुशाच्या आफ्रिकन मानवाधिकार कोर्टात ११ न्यायाधीश आणि पूर्णवेळ फक्त अध्यक्ष, तिथे रॉबर्ट एनो यांनी रजिस्ट्रार म्हणून दीर्घकाळ काम पाहिलंय. न्यायाधीश ये-जा करणारे असले की कोर्टाचा रोजचा चेहरा आपोआप प्रशासनप्रमुख होतो, सरकारांशी बोलणं, देणगीदार, इमारत, सगळं त्याच्याकडे. अरुशाला तर रवांडा, टांझानिया, बेनिन, आयव्हरी कोस्ट अशा देशांनी एकामागून एक, नागरिकांना थेट अर्ज करू देणारी घोषणा मागे घेतली, तेव्हा रांग लांब होण्याऐवजी दारच बंद व्हायला लागलं. त्या संकटात मला काम करावं लागलेलं नाही, त्यामुळे सल्ला देत नाही.

आता तुमच्या रस्त्याचं. स्ट्रासबर्गची नोकरी म्हणजे कौन्सिल ऑफ युरोपची नोकरी आणि ती सहसा सदस्य देशांच्या नागरिकांना. भारत सदस्य नाही. माझ्याकडे त्या वेळी सदस्य देशाचा पासपोर्ट नसता तर माझी हुशारी तशीच दाराबाहेर राहिली असती. इंग्रजीबरोबर कामापुरती फ्रेंच लागतेच, आणि वाचण्यापुरती नव्हे, मीटिंगमध्ये कोणी भराभर बोललं की समजण्यापुरती. सान होझेचं कोर्ट इंटर्न आणि व्हिजिटिंग प्रोफेशनल घेतं, अमेरिका खंडाबाहेरचेही, पण तिथे स्पॅनिश. चाळिशीच्या आत असाल, घरची जबाबदारी परवानगी देत असेल, तर बघा. नाहीतर माझा सल्ला थोडा वेगळा आहे.

१९९३ च्याच कायद्यातलं कलम ३० वाचा. प्रत्येक जिल्ह्यात एक सत्र न्यायालय मानवाधिकार न्यायालय म्हणून जाहीर करता येतं अशी तरतूद त्यात आहे, आणि तिच्यावर गंभीरपणे काम केलेले लोक फार कमी आहेत. अशा न्यायालयात मॅटर येतं कसं, नोंद कुठे होते, बोर्डावर कधी लागतं, यावर एखाद्या कोर्ट कर्मचाऱ्याने प्रबंध लिहिला तर तो मी विकत घेऊन वाचेन. प्राध्यापकाला हे लिहिता येणार नाही, त्याला रोजनामा कसा लिहितात ते माहीत नसतं. आणि आकडे काढताना महिन्याला किती निकाली निघाली ते नंतर बघा, आधी सगळ्यात जुनं मॅटर कुठलं आणि ते का अडलंय ते बघा. एकूण आकडा कमी करणं सोपं आहे, हलक्या फाइली आधी काढल्या की झालं, आणि तो मोह स्ट्रासबर्गलाही होता.

हे ताणून बघायचं असेल तर बुर्मिच विरुद्ध युक्रेन हा निकाल वाचा, ऑक्टोबर २०१७, ग्रँड चेंबर, म्हणजे कोर्टाचं १७ न्यायाधीशांचं मोठं पीठ. युक्रेन आपल्याच कोर्टांचे निकाल अमलात आणत नाही म्हणून तेच तेच अर्ज येत राहिले, २००९ च्या इव्हानोव्ह निकालाने फरक पडला नाही, आणि शेवटी कोर्टाने १२,१४३ अर्ज एका फटक्यात यादीतून काढून कौन्सिलच्या मंत्र्यांच्या समितीकडे, म्हणजे निकाल अमलात येतायत का ते बघणाऱ्या समितीकडे, पाठवले. १० विरुद्ध ७ असा निकाल. रजिस्ट्रीच्या दृष्टीने हे समजण्यासारखं होतं, अर्जदाराच्या दृष्टीने भयंकर, आणि मी स्वतः अजून दोन्हीकडे झुकतो. कोर्टाच्या हुडॉक या वेबसाइटवर ते फुकट वाचायला मिळतं. आधी त्या सात जणांचं विरोधी मत वाचा, मग बहुमताचं.